म्हाइंभट हवाय, महिपती पुरे झाले

मराठीत एखाद्या लेखकावर पुस्तक काढायचं म्हटलं की त्याचं नाव आधीच ठरलेलं असतं. 'अमुक अमुक : व्यक्ती आणि वाङ्मय'. पहिलं प्रकरण 'जीवनपट'. त्यात जन्मगाव, वडील शिस्तीचे, आई प्रेमळ, घरची गरिबी, लहानपणापासून वाचनाची आवड. लग्न एका ओळीत, मुलं अर्ध्या ओळीत. मग नोकऱ्या, पुरस्कार, संमेलनाचं अध्यक्षपद आणि शेवटी 'अल्पशा आजाराने'. चौदा पानांत माणूस आटोपला! उरलेली दोनशे पानं कथनशैली, निसर्गचित्रण, भाषिक विशेष वगैरे वगैरे. वाङ्मय दिसलं हो, पण व्यक्ती कुठे गेली?

प्रबंध नसेल तर गौरवग्रंथ असतो. गौरवग्रंथासाठी 'आठवण' मागवतात. ती लिहिणारा पहिल्या परिच्छेदात स्वतःची ओळख करून देतो, दुसऱ्यात लेखकाने त्याच्या पाठीवर कशी थाप मारली ते सांगतो आणि तिसऱ्यात 'असा हा देवमाणूस' म्हणून हात जोडतो. जन्मशताब्दी आली की मासिकांचे विशेषांक येतात, त्यात ह्याच आठवणी पुन्हा. मी हे सगळं हौसेने वाचतो, विकत घेऊन वाचतो, म्हणून वैतागायचा हक्क मला आहे असं समजतो. तर माझं म्हणणं सरळ आहे. मराठीने आपल्या लेखकांच्या आरत्या पुष्कळ लिहिल्या, चरित्रं बोटावर मोजण्याइतकी लिहिली. आणि ज्यांनी खरं लिहिलं, त्यांना 'हे असं लिहायला नको होतं' हे ऐकून घ्यावं लागलं.

गंमत अशी की चरित्र हा काही साहेबाने आणून दिलेला प्रकार नाही. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ चरित्रच आहे! 'लीळाचरित्र', तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटाने ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठून गाठून एकेक लीळा गोळा केली. नागदेवाचार्यांना विचारून पडताळली. पुढे ह्या पंथाच्या लोकांनी वेगवेगळ्या सांगणाऱ्यांचे पाठही नोंदवून ठेवले, म्हणजे ही गोष्ट अमका अशी सांगतो आणि तमका तशी. आणि काय काय आहे त्यात! स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोण आजारी पडलं, कोण कुणावर रुसलं, महदाइसेने कुठला प्रश्न विचारून पिच्छा पुरवला. ज्याला परमेश्वर मानलं त्याच्या बाबतीतही म्हाइंभटाने 'हे कशाला लिहा' असं म्हटलं नाही. उलट, परमेश्वर होता म्हणूनच त्याचं जेवण न् झोपसुद्धा लिहून ठेवण्यासारखी, असा त्याचा हिशोब.

मग साधारण पाच शतकांनी ताहराबादचे महिपती आले. 'भक्तविजय' १७६२ सालचा. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम ही मराठीतली सगळ्यात मोठी लेखक मंडळी, आणि त्यांची चरित्रं घराघरांत पोचवली ती महिपतींनी. रेड्यामुखी वेद, चालणारी भिंत, इंद्रायणीत कोरड्या राहिलेल्या वह्या. महिपतींवर माझा राग नाही बरं का. त्यांचं काम भक्ती वाढवण्याचं होतं, ते त्यांनी गोड ओव्यांत केलं आणि ते दुसरं काही करतोय असा आवही आणला नाही. राग आहे तो आपल्यावर. आपल्याकडे म्हाइंभटही होता आणि महिपतीही होते. लेखकांची चरित्रं लिहिताना आपण दर वेळी दुसऱ्यांच्या मागे गेलो, आणि तेही त्यांची भक्ती न घेता नुसते चमत्कार उचलून.

आजचा चमत्कार म्हणजे किस्सा. पु. ल. एकदा कुणाला तरी काहीतरी म्हणाले, अत्र्यांनी भर सभेत कुणाची तरी कशी जिरवली. ह्यातले निम्मे किस्से कुणाचे कुणाच्या नावावर खपतात हे सांगायला संशोधक नको, फॅमिलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर थांबा, तीच कोटी तीन लेखकांच्या नावाने येऊन जाईल. :) किस्स्याने लेखक लाडका होतो, कळत मात्र नाही. उलट एखाद्याचे पंचवीस किस्से पाठ असले की आपण त्याला ओळखतो असं वाटायला लागतं, आणि शोध तिथेच थांबतो.

चमत्काराचा खरा तोटा पुढेच आहे. चमत्कार सांगितला की माणसाचे कष्ट पुसले जातात. अण्णा भाऊ साठे घ्या. जयंती आली की भाषणात एक वाक्य हमखास : दीड दिवस शाळेत गेलेला माणूस आणि एवढं साहित्य! टाळ्या. पण मला विचारायचंय की मग ते वाचायला शिकले कसे? वाटेगावचा पोरगा मुंबईत आला, पडेल ते काम केलं, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांमध्ये वावरला. तिथे कुणी त्याच्या हातात पुस्तक दिलं? कुठलं? गॉर्की त्याच्यापर्यंत कुठल्या भाषांतरातून पोचला? दिवसभर राबून आलेला माणूस चाळीत रात्री कुठल्या दिव्याखाली बसून लिहीत होता? 'लाल बावटा' कलापथकात अमर शेख आणि गव्हाणकर ह्यांच्याबरोबर रचलेल्या लावण्या-पोवाड्यांमध्ये कुणाचा हात कुठे आहे? ह्या प्रश्नांची उत्तरं हेच त्यांचं चरित्र. पण 'दीड दिवसाची शाळा' म्हटलं की प्रतिभा आकाशातून पडल्यासारखी होते आणि आपण सुटतो. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. चांगलंच झालं. पण १९६९ साली हा माणूस एवढ्या हलाखीत का गेला, त्याच्या पुस्तकांचे पैसे कुठे गेले, हे पुतळ्याला विचारता येत नाही.

बहिणाबाईंचंही तेच. निरक्षर बाई, जात्यावर गाणी म्हणते, मुलगा सोपानदेव कवी, ती गाणी अत्र्यांसमोर जातात आणि १९५२ साली, म्हणजे बाई गेल्यावर, पुस्तक निघतं. केवढी सुंदर गोष्ट! सुंदर आहे म्हणूनच आपण तिला हात लावत नाही. खानदेशी बोली कागदावर उतरताना कुठले शब्द बदलले असतील, जी गाणी कुणी टिपलीच नाहीत ती किती असतील, बाईंच्या शेतातल्या दिवसाचं वेळापत्रक काय होतं, हे विचारलं की लोकांना वाटतं आपण बाईंच्या कवितेवर संशय घेतोय. अहो, संशय कसला? ती बाई किती मोठी हे त्यातूनच तर कळेल.

आता मुद्द्याचं. म्हाइंभटाचं काम मराठीत कुणी केलंच नाही का? केलं. लेखकांच्या बायकांनी केलं.

ना. वा. टिळकांचं इंग्रजीत एक चरित्र आहे, विन्स्लो नावाच्या मिशनऱ्याने लिहिलेलं, १९२३ सालचं. आदराने लिहिलेलं आहे. पण आज टिळक आपल्याला माहीत आहेत ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे. त्यातले टिळक तापट आहेत, न सांगता घरातून निघून जातात, हातात आलेले पैसे कुणाच्या तरी हातावर ठेवून मोकळे होतात, धर्म बदलतात आणि बायकोचं सगळं जग उलटंपालटं करून टाकतात. आणि एवढं सगळं वाचूनही पुस्तक मिटताना ते आपल्याला आवडलेले असतात, पूजनीय वाटले म्हणून नव्हे, ओळखीचे झाले म्हणून. बालकवी ठोमरेसुद्धा त्याच घरात भेटतात. एरवी पाठ्यपुस्तकातले बालकवी म्हणजे निसर्गकवी, हिरवळ आणि फुलराणी. १९१८ साली भादलीच्या स्टेशनात, वयाची तिशीही न गाठता, गाडीखाली सापडून गेलेला तो पोरगा हट्टी होता, रुसका होता, कुणीतरी त्याला सांभाळून घ्यावं लागायचं, हे लक्ष्मीबाईंच्या घरात पाहिल्यावर त्याच्या शेवटच्या काळातल्या उदास कविता वेगळ्या वाचल्या जातात. समीक्षकांच्या कुठल्याही 'निसर्गचित्रण' प्रकरणाने माझ्यासाठी हे केलं नाही.

माधव जूलियनांवर त्यांच्या पत्नी लीलाबाई पटवर्धन ह्यांनी 'आमची अकरा वर्षे' लिहिलं. पुस्तकाच्या नावातच लग्नापासून १९३९ सालच्या मरणापर्यंतचा हिशोब आहे. मग १९९० साली सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी'. त्याच्या सहा वर्षं आधी मलिका अमर शेख ह्यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय', नामदेव ढसाळांबरोबरच्या संसाराबद्दल. अमर शेखांची मुलगी, म्हणजे शाहिराच्या घरातून कवीच्या घरात गेलेली. त्या पुस्तकात चळवळ आहे, कविता आहे आणि घरातली मारहाणही आहे. ज्या कवीने भल्याभल्यांचे बुरखे फाडले, त्याच्या घराच्या दाराआड काय होतं ते तिने सांगितलं.

बायकांनीच का? मला वाटतं कारण साधं आहे. बाकी सगळ्यांनी लेखकाला व्यासपीठावर, नाहीतर बैठकीत पाहिलेलं असतं. चहा कोण आणून ठेवतंय तिकडे त्यांचं लक्ष नसतं. चहा आणणारीचं मात्र सगळ्यांकडे लक्ष असतं. शिवाय तिला प्रमोशन नको असतं, पुढच्या संमेलनात बोलावणं नको असतं, कुठल्या गटाची मर्जी राखायची नसते. म्हाइंभटाच्या सांगणाऱ्यांतही बायका पुष्कळ होत्या, हा योगायोग नसावा.

आणि ह्या बायकांचं स्वागत कसं झालं? 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा लग्नाकार्यात, ट्रेनमध्ये, जिथे तिथे एकच चर्चा. 'भाईंबद्दल असं कसं लिहिलं हो तिने?' जणू पु. ल. आपले होते आणि ती मध्येच कुठून तरी आली होती. पुस्तक नीट वाचलं तर लक्षात येतं की बाईने नवऱ्यापेक्षा स्वतःला जास्त तपासलंय. स्वतःचा काटेकोरपणा, कडवटपणा, सगळं टेबलावर मांडलंय. आणि पु. ल. हयात असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत. ते गेले २००० साली, पुस्तकानंतर दहा वर्षांनी. मेल्यावर लिहिणं सोपं असतं हो. समोर बसलेल्या माणसाबद्दल खरं लिहायचं आणि त्याच घरात दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायचा, ह्याला जिगर लागते. पण आम्हाला आमचं हसरं दैवत हवं होतं, आणि त्याला संसारातलं साधं काम जमत नव्हतं म्हटल्याबरोबर आमच्या भावना दुखावल्या. ज्या माणसाने आयुष्यभर 'व्यक्ती आणि वल्ली'तल्या माणसांना त्यांच्या खोडींसकट प्रेमाने उभं केलं, त्याच्या स्वतःच्या खोडी मात्र कुणी काढायच्या नाहीत!

पण बायकांची ही पुस्तकं चरित्रं नव्हेत. ती त्यांची आत्मचरित्रं आहेत, आणि तशीच वाचली पाहिजेत. त्यांत लग्नाआधीचा नवरा नसतो. त्याचं ऑफिस नसतं. छापखान्यात, संपादकाच्या खोलीत, मित्रांच्या अड्ड्यावर काय झालं ते ऐकीव असतं. पु. लं.चंच बघा. आकाशवाणीतली वर्षं, दूरदर्शनच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं दिल्लीतलं काम, 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग, त्याचा पैसा, मग तो पैसा प्रतिष्ठानमार्फत सार्वजनिक कामांना जाणं. मराठी लेखक नुसत्या लेखणीवर आणि रंगमंचावर सुखाने जगू शकतो, वर दानही करू शकतो, हे ह्या माणसाने कसं जमवलं? हे हिशोबाच्या वह्या आणि प्रयोगांच्या नोंदी घेऊन बसल्याशिवाय कळणार नाही, आणि ते काम सुनीताबाईंचं नव्हतं. ते अभ्यासकाचं होतं. अभ्यासक काय म्हणतो? 'आहे मनोहर तरी'मध्ये सगळं आलंय की! म्हणजे घरचं काम तर बाईने केलंच, आता बाहेरचंही तिच्याच नावावर खपवायचं.

हे सगळं फोनवर बोलत होतो तेव्हा माझी मावशी (ती हा ब्लॉग वाचते, त्यामुळे उद्या पुन्हा फोन येणार) म्हणाली, 'अरे, पण गेलेल्या माणसाची लफडी काढून तुम्हाला मिळतं काय? पुस्तकं चांगली आहेत ना, ती वाचा.' मुद्दा बिनतोड वाटतो. पण मावशी, माधव जूलियनांना फर्गसन कॉलेज का सोडावं लागलं ते तुला कुठल्या पुस्तकातून कळलं? कुठल्याच नाही. तुला ते तुझ्या आत्याने सांगितलं, आणि तिला तिच्या शेजारणीने. आपण लेखकांची खाजगी आयुष्यं मुळीच झाकून ठेवत नाही. आपण ती कुजबुजतो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकावर, पुस्तक प्रकाशनानंतरच्या बटाटेवड्यापाशी. कुजबुजीला पुरावा लागत नाही, तारीख लागत नाही, दुसरी बाजू लागत नाही. चरित्रकाराला हे तिन्ही लागतं. म्हणजे माणसाच्या अब्रूची काळजी असेल तर चरित्रच लिहायला पाहिजे. न लिहिलेल्या चरित्राची जागा रिकामी राहत नाही, तिथे गावगप्पा जाऊन बसतात.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. लेखकालाच नको असेल तर? जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सभा-समारंभ टाळले, काळ्या चष्म्याआड राहिले, 'काजळमाया'ला मिळालेला अकादमीचा पुरस्कार परत केला. हा माणूस चरित्रकाराला दारात उभा करता ना. त्याच्या मर्जीचं काय? मी ह्याचा बराच विचार केला. माझं उत्तर असं की माणसांना टाळणाऱ्या ह्याच माणसाने पत्रं किती लिहावीत! पोस्टाने का होईना, तो भेटत होता. त्यांच्या पत्रांचे 'निवडक पत्रे' म्हणून खंड निघाले. सुनीताबाईंना लिहिलेली पत्रं तिथे आहेत, आणि सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली 'प्रिय जी. ए.' ह्या २००३ सालच्या वेगळ्या पुस्तकात. एकाच गप्पांचे दोन काठ, दोन पुस्तकांत. मी दोन्ही मांडीवर घेऊन, दोन खुणा घालून वाचतो. हे आनंदाने करतो, पण हे काम कुणीतरी एकदा बसून सगळ्यांसाठी करायला नको का? आणि 'निवडक' म्हटल्यावर न निवडलेलं कुठे आहे? धाकट्या बहिणीने, नंदा पैठणकरांनी 'प्रिय बाबुआण्णा' लिहिलं. बघा, पुन्हा घरातली बाईच.

आता जरा शेजाऱ्यांकडे बघू, म्हणजे लाज वाटायला मदत होईल. हिंदीत प्रेमचंदांवर आधी त्यांच्या पत्नी शिवरानी देवी ह्यांनी 'प्रेमचंद : घर में' लिहिलं, १९४४ साली. इथवर आपण आणि ते बरोबरीत. पण हिंदीवाले तिथे थांबले नाहीत. १९६२ साली मुलगा अमृतराय ह्याने 'कलम का सिपाही' लिहिलं, कागदपत्रं आणि पत्रं हाताशी घेऊन. रामविलास शर्मांनी निरालांवर तीन खंड लिहिले. पहिला नुसता आयुष्यावर, दुसरा साहित्यावर, तिसरा पत्रांचा. शर्मा निरालांचे जवळचे मित्र आणि निस्सीम भक्त. तरी जन्मतारखेपासून सगळं तपासलं आणि निरालांच्या मनाचा तोल कसा जात गेला तेही लिहिलं. निराला त्यामुळे लहान झाले का? विष्णु प्रभाकर तर हिंदीचे लेखक. त्यांनी बंगाली शरच्चंद्रांसाठी चौदा वर्षं घालवली, गावोगाव हिंडले, जुनी माणसं शोधली, तेव्हा १९७४ साली 'आवारा मसीहा' झालं. आणि बंगालीत रवींद्रनाथांचं चरित्र प्रभातकुमार मुखोपाध्यायांनी चार खंडांत लिहून झालेलं असताना प्रशांतकुमार पालांनी ते पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतलं. नऊ खंड झाले, गोष्ट १९२६ पर्यंत पोचली, आणि पाल गेले. रवींद्रनाथांची अजून पंधरा वर्षं शिल्लक होती! ह्याला म्हणतात वेड.

आपल्याकडे हे वेड नव्हतंच असं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त डॉ. जॉन्सनवर भरभरून लिहिलं. ज्या जॉन्सनने स्वतः कवींची चरित्रं लिहिली आणि ज्याला बॉस्वेलसारखा चरित्रकार मिळाला, तो १८७० च्या दशकातच मराठीत येऊन बसला होता. विष्णुशास्त्री अकाली गेले, त्यांचं चरित्र त्यांच्या भावाने लिहिलं. गं. दे. खानोलकरांनी 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक' खंडामागून खंड काढले. आज कुठल्याही जुन्या लेखकाबद्दल काही हवं असेल तर शेवटी त्यांच्याच दारात जावं लागतं. धनंजय कीर मुंबई महापालिकेत नोकरी करून फुल्यांचं, आंबेडकरांचं चरित्र लिहीत राहिले. आणि जया दडकर. 'चिं. त्र्यं. खानोलकरांच्या शोधात' हे पुस्तक मिळालं तर सोडू नका. आरती प्रभूंच्या कवितेने झपाटलेले पुष्कळ आहेत. पण कुडाळची खानावळ, मुंबईतल्या नोकऱ्या, पैशाची ओढाताण, १९७६ साली शेहेचाळिसाव्या वर्षी आलेलं मरण, हे सगळं माणसामाणसांकडून गोळा करणारा एकच. नावातच 'शोधात' आहे बघा. 'जीवनपट' नाही.

पण ही एकेकट्याची वेडं झाली. मागे कुणी नाही. ज्या केशवसुतांना आपण आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो, त्यांची जन्मतारीख एका पुस्तकात १५ मार्च १८६६ आणि दुसऱ्यात ७ ऑक्टोबर १८६६ सापडते. १९०५ साली हुबळीत प्लेगने गेले, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. म्हणजे चौदाव्या शतकातली गोष्ट नव्हे ही. छापखाने होते, पोस्ट होतं, भाऊबंद लिहिते-वाचते होते.

कागद का उरत नाहीत? कारण ते घरातच मरतात. एका नामवंत लेखकाच्या घरी (नाव घेत नाही, मंडळी अजून त्याच घरात राहतात) त्यांच्या पत्रव्यवहाराबद्दल चौकशी केली तेव्हा अगदी प्रेमाने उत्तर आलं : 'घर रंगवायला काढलं ना, तेव्हा सगळं आवरून टाकलं.' आवरून टाकलं! पुरस्कारांच्या ढाली मात्र शोकेसमध्ये जागच्या जागी होत्या. वारसांचं आणखी एक दुखणं कायद्याचं. आलेलं पत्र म्हणून कागद तुमचा असतो, पण त्यातला मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा. त्यामुळे पाच पेट्यांत पत्रं असली तरी छापायला पाच घरांची परवानगी लागते, आणि त्यातल्या एका घराला 'बाबांची प्रतिमा' जपायची असते. पण मी म्हणतो, छापू नका. निदान ठेवा तरी. पन्नास वर्षांनी बाबांना ओळखणारं कुणी उरणार नाही, तेव्हा प्रतिमाही उरणार नाही, आणि एखादा विष्णु प्रभाकर दारात येऊन उभा राहील तेव्हा त्याच्या हातात द्यायला काही असेल.

आपल्याच नात्यात दोन घरं अशी आहेत की जिथे लेखकांची पत्रं आहेत, हे मला माहीत आहे, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांना मी हे का लिहितोय तेही कळलं असेल. लॅमिनेशन करू नका, कागद कायमचा वाया जातो. सेलोटेप लावू नका. पाकीट फेकू नका. पत्रावर तारीख नसली तरी पोस्टाचा शिक्का असतो, आणि कधी कधी तेवढ्यावरच सगळं ठरतं. जिथे पत्रात नुसतं 'नाना' किंवा 'ती मंडळी' असं असेल, तिथे हे कोण ते आत्ताच वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून सोबत ठेवा. ते ओळखणारी आपल्या घरात आता एक मावशीच उरली आहे. मी दिवाळीत स्कॅनर घेऊन येतोय.